डोंगर, खाडी आणि शहर : वसई-विरारच्या वनांची कसोटी

जुलै २०१८ मधील पावसाने वसई-विरारकरांना जो धडा शिकविला, तो अद्याप कोणी विसरलेले नाही. नालासोपाऱ्यात रेल्वेचे रूळ पाण्याखाली गेले आणि विरारकडील लोकलसेवा ठप्प झाली. लांब पल्ल्याच्या गाड्या वाटेतच खोळंबल्या, वीज गेली, मिठागरांच्या वस्तीत शेकडो माणसे अडकून पडली. पाणी ओसरल्यावर नालेसफाई, माती भराव आणि बेकायदा बांधकामांवर चर्चा झाली. ती योग्यच होती. महापालिकेने आयआयटी मुंबई आणि नीरी या संस्थांकडे पूरस्थितीचा अभ्यासही सोपविला. मात्र शहरावर कोसळणारे पाणी येते कोठून आणि जाते कोठे, या मूळ प्रश्नाचे उत्तर शहराच्या हद्दीवर उभ्या असलेल्या दोन वनांपाशी जाऊन थांबते. पूर्वेला तुंगारेश्वरच्या डोंगरावरील पानझडी वन आणि दक्षिणेला व पश्चिमेला खाड्यांच्या काठी पसरलेले कांदळवन. या दोहोंच्या मध्ये, सखल पट्टीवर, २०११ च्या जनगणनेनुसार १२ लाखांहून अधिक लोकसंख्येचे शहर वसले आहे.

डोंगरावरचे वन पावसाचा पहिला मार झेलते, तर खाडीकाठचे वन भरतीचा. ही दोन्ही वने जितकी सशक्त, तितके मधले शहर सुरक्षित. हवामानबदलाच्या काळात पावसाचा आणि समुद्राचा स्वभाव पालटू लागल्यावर या वनांची तग धरण्याची क्षमता हा केवळ निसर्गप्रेमींच्या जिव्हाळ्याचा विषय राहिलेला नाही. पाणीपुरवठा, पूरनियंत्रण आणि नगररचना यांच्याशी त्याचा थेट संबंध आहे.

शाश्वत व्यवस्थापन म्हणजे काय?

'शाश्वत वन व्यवस्थापन' हा शब्दप्रयोग अलीकडे सर्रास वापरला जातो. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर २००७ मध्ये सर्व प्रकारच्या वनांसंबंधी एक दस्तऐवज स्वीकारला. वनांची आर्थिक, सामाजिक आणि पर्यावरणीय मूल्ये आजच्या आणि पुढील पिढ्यांसाठी टिकविणे व वाढविणे, असा त्यातील व्याख्येचा आशय आहे. जंगलातून दरवर्षी किती लाकूड काढता येईल, हा इंग्रजी अमदानीतील वनशास्त्राचा मुख्य हिशेब होता. भारताच्या १९८८ च्या राष्ट्रीय वन धोरणाने हा क्रम बदलला. पर्यावरणीय स्थैर्य हे पहिले उद्दिष्ट ठरले आणि वनांपासून मिळणारे प्रत्यक्ष उत्पन्न त्यानंतरचे मानले गेले.

व्यवहारात याची दोन रूपे दिसतात. राखीव वनांचे व्यवस्थापन 'कार्य आयोजना' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दीर्घ मुदतीच्या आराखड्यानुसार चालते. अभयारण्यात मात्र १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा लागू असल्याने वृक्षतोडीला जवळजवळ वाव नसतो. तेथे व्यवस्थापन म्हणजे वणवे रोखणे, तणांचा बंदोबस्त, पाणवठे, चराईवर नियंत्रण आणि अतिक्रमणांना आळा. हवामानबदलाने या कामांत आणखी एका प्रश्नाची भर घातली आहे. आज उभे असलेले वन उद्याच्या उष्ण आणि लहरी हवामानात टिकेल काय?

तुंगारेश्वरचे स्थान

तुंगारेश्वरला अभयारण्याचा दर्जा २००३ मध्ये मिळाला. त्याचे क्षेत्र सुमारे ८५ चौरस किलोमीटर आहे. श्रावणात शंकराच्या दर्शनाला जाणारे भाविक आणि पावसाळ्यात चिंचोटीच्या धबधब्याकडे धाव घेणारे पर्यटक यांना हा डोंगर परिचित असला, तरी त्याचे खरे महत्त्व नकाशा उघडल्यावरच कळते. दक्षिणेला वसईच्या खाडीलगत नागला वनखंड आहे आणि खाडीपलीकडे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा मुख्य भाग. ईशान्येला तानसा अभयारण्य. या दोन मोठ्या वनांना जोडणारा दुवा म्हणजे तुंगारेश्वर. तो तुटला, तर मुंबईचे राष्ट्रीय उद्यान चारी बाजूंनी इमारतींनी वेढलेले एकाकी बेट होऊन बसेल.

येथील वन प्रामुख्याने आर्द्र पानझडी स्वरूपाचे आहे. साग, ऐन, खैर, धावडा, बिबळा, कळंब, हेदू, मोह, पळस आणि बांबू ही येथील ओळखीची झाडे. पावसाळ्यात हिरवेकंच असणारे हे डोंगर फेब्रुवारीनंतर उघडेबोडके दिसू लागतात. ते मेलेले नसतात. पाणी वाचविण्यासाठी झाडांनी पाने गाळलेली असतात. शेकडो पिढ्यांच्या अनुभवातून उतरलेली ही तग धरण्याची रीतच आहे. मात्र तिलाही मर्यादा आहेत, आणि हवामानबदल नेमक्या त्या मर्यादांवर ताण देतो.

या वनांचा वापर आजचा नाही. पोर्तुगीज काळात आगाशीचे बंदर जहाजबांधणी आणि इमारती लाकडाच्या व्यापारासाठी प्रसिद्ध होते. पुढे इंग्रजी राजवटीत वने राखीव झाली, आणि भातशेतीच्या राबासाठी फांद्या तोडण्यावर, सरपण व चराईवर निर्बंध आले. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतील रहिवाशांच्या तक्रारी इतक्या वाढल्या, की मुंबई सरकारला १८८५ मध्ये त्यांच्या चौकशीसाठी आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला. जंगल राखावयाचे कोणी आणि कोणासाठी, हा वाद या भूमीत सव्वाशे वर्षांहून जुना आहे.

जंगल आणि नळाचे पाणी

वनाच्छादित उतारावर पडणारा पाऊस आधी पानांवर, मग पालापाचोळ्यावर आणि नंतर मुळांनी सच्छिद्र झालेल्या मातीवर पोहोचतो. त्याचा वेग मोडतो. काही पाणी मातीत मुरते, काही ओहोळांतून सावकाश उतरते. हाच उतार उघडा पडला, खणला गेला किंवा त्यावर काँक्रीट आले, की तेवढेच पाणी कमी वेळात पायथ्याशी आदळते आणि सोबत माती घेऊन येते. ती माती नाले आणि तलाव भरून टाकते. सखल शहराच्या दृष्टीने वर्षभरात एकूण किती पाऊस पडला, यापेक्षा त्यातील किती पाणी एका तासात खाली आले, हे अधिक निर्णायक असते. अर्थात, अतिवृष्टीत माती पूर्ण भिजल्यावर जंगलाचीही धारणक्षमता संपते. वन हा पुरावरचा रामबाण उपाय नव्हे. पाण्याला थोपवून धरण्याची ती पहिली पायरी आहे.

वसई-विरारच्या नळांना येणाऱ्या पाण्याचा मोठा भाग सूर्या प्रकल्पातून येतो. त्याचे धामणी धरण जिल्ह्याच्या अंतर्भागातील डोंगराळ प्रदेशात आहे. उसगाव आणि तुंगारेश्वरच्या पायथ्याचे पेल्हार ही धरणे लहान असली तरी शहराला जवळची. या सर्वांचे आयुष्य पाणलोटातील झाडोऱ्यावर अवलंबून आहे. मुंबईने हे फार पूर्वी ओळखले होते. विहार आणि तुळशी या तलावांचे पाणलोट राखले गेले, म्हणूनच आजच्या राष्ट्रीय उद्यानाचा गाभा शिल्लक राहिला. १८९२ मध्ये पूर्ण झालेल्या तानसा तलावाभोवतीचे जंगलही पाण्यासाठीच जपले गेले. महानगराच्या शेजारी राहून झपाट्याने वाढलेल्या वसई-विरारने मात्र आपल्या पाणलोटाकडे अशा दृष्टीने क्वचितच पाहिले.

खाडीकाठची तटबंदी

दुसरे वन आहे ते खाऱ्या पाण्यातले. कोणी त्याला खारफुटी म्हणते, कोणी तिवरांचे जंगल, तर सरकारी कागदपत्रांत ते 'कांदळवन' असते. तिवर, चिप्पी, कांदळ, काजळा, मारांडी अशा जातींचे हे वन वसईची खाडी, वैतरणेचे मुख आणि त्यांच्या फाट्यांच्या काठाने उभे आहे. यातील पांढऱ्या चिप्पीला २०२० मध्ये महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष म्हणून मान मिळाला.

कांदळवनाची मुळे गाळ धरून ठेवतात आणि लाटांचा जोर मोडतात. निरनिराळ्या देशांतील मोजमापांच्या एका आढाव्यानुसार, १०० मीटर रुंदीचे कांदळवन लाटांची उंची १३ ते ६६ टक्क्यांपर्यंत कमी करू शकते. हा फरक वनाच्या घनतेवर आणि झाडांच्या वयावर अवलंबून असतो. म्हणजे नकाशावर हिरवा ठिपका असणे पुरेसे नाही. पट्टा सलग आणि दाट असावा लागतो. याच मुळांच्या आडोशाने कोळंबी, खेकडे आणि खाडीतील मासळी वाढते. साहजिकच किनाऱ्यावरील कोळी कुटुंबांची चूलही त्यावर अवलंबून असते.

न्यायालयीन संरक्षणाच्या बाबतीत कांदळवने सुदैवी ठरली. मुंबई उच्च न्यायालयाने ६ ऑक्टोबर २००५ रोजी राज्यभर त्यांच्या तोडीला मनाई केली आणि त्यांच्यापासून ५० मीटरच्या पट्ट्यात बांधकामास बंदी घातली. सप्टेंबर २०१८ च्या अंतिम निकालात कांदळवनांचा नाश हा नागरिकांच्या जीविताच्या मूलभूत हक्काचा भंग ठरविण्यात आला. दरम्यान २०१२ मध्ये वन विभागात स्वतंत्र कांदळवन कक्ष सुरू झाला. भारतीय वन सर्वेक्षण संस्थेच्या अहवालांत राज्यातील कांदळवनाचे क्षेत्र २०१५ मध्ये २२२ चौरस किलोमीटर नोंदविले गेले होते, २०२१ च्या अहवालात ते ३२४ चौरस किलोमीटर झाले.

आकडा वाढला, तरी शहरालगतचा धोका टळलेला नाही. कांदळवन नेहमी कुऱ्हाडीनेच मरते असे नाही. बांध घालून भरतीचे पाणी अडविले किंवा राडारोडा आणि मातीचा भराव टाकला, की झाडे उभ्या उभ्या वाळतात. त्यानंतर 'येथे झाडे नव्हतीच' असे म्हणायला मोकळीक मिळते. समुद्राची पातळी वाढू लागली, की ही झाडे हळूहळू जमिनीच्या दिशेने सरकतात. मात्र त्यांच्या पाठीशी भराव आणि भिंती उभ्या असतील, तर समोर समुद्र आणि मागे सिमेंट अशा कात्रीत ती सापडतात. म्हणून कांदळवनामागे मोकळी जागा राखणे, हा त्याच्या व्यवस्थापनाचाच भाग मानला पाहिजे.

पावसाचा बदललेला स्वभाव

हवामानबदलाची झळ वनांना चार वाटांनी पोहोचते. पहिली वाट पावसाची. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेतील संशोधकांसह झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या क्षेत्रावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्याचे आढळले. पाऊस थोड्या दिवसांत जोराने पडतो आणि मध्ये कोरडे खंड पडतात. असे झाले की उतारावरची माती वाहते आणि नुकतीच रुजलेली रोपे कोरड्या खंडात मरतात.

दुसरी वाट उन्हाळ्याच्या तापमानाची. जंगल अधिक काळ सुके राहते आणि ठिणगीला निमित्त पुरते. तिसरी वाट वादळांची. अरबी समुद्रातील चक्रीवादळांची संख्या २००१ ते २०१९ या काळात आधीच्या दोन दशकांच्या तुलनेत ५२ टक्क्यांनी वाढल्याचे संशोधन २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षीच्या मे महिन्यात 'तौक्ते' वादळ किनाऱ्याला समांतर पुढे सरकले, तेव्हा वसईच्या वाड्यांतील झाडे आणि केळीच्या बागा आडव्या झाल्या. चौथी वाट समुद्राची पातळी आणि खारेपणा यांची. तिचा पहिला फटका कांदळवनाला आणि किनारपट्टीच्या विहिरींना बसतो.

या संकटांना तोंड देण्याचे जंगलाचे बळ कशात असते? वनशास्त्राचे उत्तर साधे आहे. ते विविधतेत असते. अनेक जातींचे, लहानमोठ्या वयाचे आणि सलग पसरलेले वन एखाद्या तडाख्याने पूर्णतः कोलमडत नाही. एक जात रोगाला बळी पडली, तर दुसरी जागा भरून काढते. मोठी झाडे उन्मळली, तर खालची रोपे वर येतात. सलगता असेल, तर बी पसरविणारे पक्षी-प्राणी नव्या जागी पोहोचतात. हे बळ राखणे, हेच हवामानबदलाच्या काळातील वन व्यवस्थापनाचे सार आहे.

वणवा, राब आणि रानमोडी

महाराष्ट्रात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्यांचा हंगाम मानला जातो. त्याआधी वन विभाग जाळरेषा काढतो. म्हणजे ठरावीक रुंदीच्या पट्ट्यातील गवत व पाचोळा जाळून किंवा साफ करून ठेवतो. आग लागलीच तर ती तेथे अडते. भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहांच्या साह्याने आगीच्या ठिकाणांच्या सूचना पाठविते. तथापि उपग्रह आग दाखवितो, विझवीत नाही. ती विझविण्यासाठी डोंगरावर वेळेत पोहोचणारी, वाटा ठाऊक असलेली माणसे लागतात.

या भागात आपोआप लागणाऱ्या आगी विरळाच. बहुतेक वणव्यांमागे माणूस असतो. पेटती विडी, सहलीची चूल, मोहफुले वेचण्यासाठी झाडाखाली केलेली साफसफाई किंवा नवे गवत यावे म्हणून लावलेली आग. वणव्यात मोठी झाडे बहुधा वाचतात. जळते ते उद्याचे जंगल, म्हणजे जमिनीलगतची रोपे आणि बी. दरवर्षी जळणाऱ्या डोंगरावर म्हातारी झाडे दिसतात, पण त्यांची जागा घेणारी तरुण पिढी दिसत नाही.

राबाचा प्रश्न वेगळ्या रीतीने पाहावा लागेल. भाताची रोपे तयार करण्यापूर्वी जमिनीवर पालापाचोळा, शेण आणि फांद्या पसरून भाजण्याची ही कोकणातील जुनी पद्धत आहे. त्यासाठी ऐनासारख्या झाडांच्या फांद्या वर्षानुवर्षे छाटल्या जातात. केवळ बंदी घालून ती संपत नाही, हे १८८० च्या दशकातच दिसून आले होते. राब न भाजता रोपवाटिका तयार करण्याच्या पद्धती आता उपलब्ध आहेत. त्या शेतकऱ्याच्या बांधापर्यंत पोहोचविणे, हे कृषी विभागाचे काम असले तरी त्याचा लाभ वनाला होतो.

याशिवाय रानमोडी आणि घाणेरी या परदेशी झुडपांचा वेढा आहे. ती उघड्या जागेत झपाट्याने पसरतात, देशी रोपांना ऊन मिळू देत नाहीत आणि उन्हाळ्यात वाळून वणव्याला इंधन पुरवितात. आग लागली की जागा उघडी पडते, आणि उघड्या जागेत पुन्हा तीच झुडपे येतात. हे दुष्टचक्र मोडण्यासाठी तण मुळासकट काढणे आणि त्याच जागी देशी रोपांना संरक्षण देणे, ही दोन्ही कामे एकाच वेळी करावी लागतात.

वृक्षलागवडीचा हिशेब

पाऊस सुरू झाला की वृक्षलागवडीचे कार्यक्रम सुरू होतात. राज्य सरकारने २०१६ ते २०१९ या काळात २ कोटी, ४ कोटी, १३ कोटी आणि ३३ कोटी अशी चढती उद्दिष्टे ठेवून मोहिमा राबविल्या. पुढे या लागवडीच्या चौकशीसाठी २०२१ मध्ये विधिमंडळाची समिती नेमण्यात आली. राजकीय वाद बाजूला ठेवला, तरी एक मूलभूत प्रश्न उरतोच. खड्ड्यांची संख्या मोजून जंगल मोजता येते काय?

सामाजिक वनीकरणाच्या जुन्या काळात सुबाभूळ, गिरिपुष्प आणि ऑस्ट्रेलियन बाभूळ या झटपट वाढणाऱ्या जातींवर भर होता. हिरवाई लवकर दिसली, पण पक्षी, कीटक आणि झुडपे यांचे भरलेले घर उभे राहिले नाही. याउलट डोंगरउतारावर छाटलेल्या ऐन, साग, खैर यांची जिवंत मूळखोडे जमिनीत असतात. आग आणि चराई यांपासून काही वर्षे संरक्षण दिले, तर त्यांतूनच फुटवे येतात आणि वन स्वतः उभे राहते. वनशास्त्रात याला नैसर्गिक पुनरुत्पादनास साहाय्य म्हणतात. हे काम कमी खर्चाचे आहे. मात्र त्यात खड्डे नसतात, समारंभ नसतो आणि छायाचित्रही नसते. कदाचित म्हणूनच ते मागे पडते.

पर्यायी लागवडीचेही असेच आहे. एखाद्या प्रकल्पासाठी तुटलेल्या झाडांच्या बदल्यात दुसरीकडे रोपे लावली, तर कागदावरचा हिशेब जुळतो. परंतु दूरच्या खाडीत लावलेले तिवर वसईच्या किनाऱ्यावर येणारी लाट अडवू शकत नाही.

दुवा तुटू नये म्हणून

वनांच्या सलगतेचे मोल एका बिबट्याने दाखवून दिले. २००९ मध्ये नगर जिल्ह्यातील टाकळी ढोकेश्वर परिसरात विहिरीत पडलेल्या एका बिबट्याला गळ्यात जीपीएस पट्टा बांधून माळशेज घाटात सोडण्यात आले. 'आजोबा' या नावाने पुढे प्रसिद्ध झालेला हा प्राणी सुमारे १२० किलोमीटरचा प्रवास करून, वसईचा औद्योगिक परिसर आणि महामार्ग ओलांडून, खाडी पोहून मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात पोहोचला. त्याच्यावर २०१४ मध्ये 'आजोबा' हा मराठी चित्रपटही आला. शहरवासीयांच्या लेखी ती नवलकथा होती. शास्त्रज्ञांच्या दृष्टीने ती वाट अजून जिवंत असल्याचा पुरावा होती.

त्या वाटेवर आज गर्दी वाढत आहे. जुना महामार्ग रुंदावला आहे. मुंबई-अहमदाबाद वेगवान रेल्वे, मालवाहतुकीचा समर्पित लोहमार्ग आणि विरार-अलिबाग मार्गिका या सर्वांची आखणी याच तालुक्यातून झाली आहे. वेगवान रेल्वेसाठी मुंबई, ठाणे आणि पालघर जिल्ह्यांतील सुमारे २२ हजार कांदळवृक्ष तोडण्यास उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये परवानगी दिली. डोंगराच्या पायथ्याशी गोदामे, चाळी आणि भराव यांची भर पडत असते ती वेगळीच. २०२४ च्या मार्च-एप्रिलमध्ये वसई किल्ल्याच्या परिसरात बिबट्या आला आणि पिंजऱ्यात सापडेपर्यंत त्याने नागरिकांची झोप उडविली. वाटा अरुंद झाल्यावर अशा भेटी वाढणे स्वाभाविक आहे.

विकास प्रकल्प थांबणार नाहीत, हे गृहीत धरले तरी त्यांची रचना बदलता येते. महाराष्ट्रातच पेंचच्या जंगलातून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ वर प्राण्यांसाठी नऊ भुयारी व पुलाखालील मार्ग बांधण्यात आले. वाघांसह अनेक प्राणी त्यांचा वापर करीत असल्याचे छुप्या कॅमेऱ्यांतून सिद्ध झाले. तुंगारेश्वरभोवतीच्या मार्गांना हीच कसोटी लावता येईल. २०१९ मध्ये अभयारण्याभोवती पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र अधिसूचित झाले आहे. त्याचा अंमल महसूल, वन आणि नगररचना या तिन्ही खात्यांनी एकत्र केला, तर पायथ्याची मोकळी जागा वाचू शकते. अन्यथा ती अधिसूचना फायलीतच राहील.

राखणदार कोण?

तुंगारेश्वरच्या आसपासच्या पाड्यांवर वारली, मल्हार कोळी, कातकरी या समाजांची वस्ती आहे. वसई तालुक्यातील काही गावे अनुसूचित क्षेत्रात मोडतात. वणवा प्रथम दिसतो तो यांनाच आणि विझवायलाही तेच पुढे असतात. जंगलात त्यांचा वाटा काय, हा प्रश्न टाळून कोणतीही योजना टिकत नाही. राज्याने १९९२ मध्ये संयुक्त वन व्यवस्थापनाचा निर्णय घेतला. गावाने वन राखावे आणि उत्पन्नात वाटा घ्यावा, ही त्यामागील कल्पना. २००६ च्या वनहक्क कायद्याने त्यापुढचे पाऊल टाकले आणि ग्रामसभांना सामूहिक वनसंपत्तीचे संरक्षण व व्यवस्थापन करण्याचा हक्कच दिला.

गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर वनावर हा हक्क मिळाला. तेथील ग्रामसभेने बांबूतोडीचे नियम स्वतः ठरविले, विक्रीतून गावाचा निधी उभा केला आणि वणव्यांवरही नजर ठेवली. वसईची परिस्थिती वेगळी आहे. येथे अभयारण्याचे निर्बंध आहेत, जमिनीचे भाव गगनाला भिडलेले आहेत आणि शहर दाराशी येऊन ठेपले आहे. तरीही तत्त्व तेच राहते. ज्याला वनातून काही मिळते, तो ते राखतो. वणवा पहारा, तणनिर्मूलन, रोपवाटिका आणि पर्यटकांचे नियमन ही कामे पाड्यांवरील तरुणांना हंगामी मजुरी म्हणून न देता वर्षभराचा रोजगार म्हणून देता येतील.

शहरी नागरिकांची परंपराही रिकामी नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या हरित वसईच्या आंदोलनाने वाड्या, विहिरी आणि हिरवा पट्टा वाचविण्याचा प्रश्न ऐरणीवर आणला. ती लढाई प्रामुख्याने पश्चिम पट्ट्यासाठी होती. पूर्वेकडील डोंगर आणि दक्षिणेकडील खाडी यांनाही तेवढ्याच सजग पाठीराख्यांची आज गरज आहे.

एकच आराखडा हवा

प्रश्नाचे मूळ विभागलेल्या कारभारात आहे. डोंगर वन्यजीव विभागाकडे, कांदळवन स्वतंत्र कक्षाकडे, नाले महापालिकेकडे, जमीन महसूल खात्याकडे आणि मोठे मार्ग निरनिराळ्या यंत्रणांकडे. पाणी मात्र या खात्यांच्या हद्दी ओळखत नाही. तुंगारेश्वरच्या माथ्यावर पडलेला थेंब ओहोळातून सखल भागात, तेथून नाल्यात आणि शेवटी तिवरांमधून खाडीला जाऊन मिळतो. त्या संपूर्ण वाटेचा एकत्र विचार करणारा आराखडा असेल, तर माथ्यावर जाळरेषा, उतारावर मिश्र वन, पायथ्याशी मोकळी जमीन, शहरात पाणी साठविणारे धारण तलाव आणि खाडीकाठी सलग कांदळवन या गोष्टी एकमेकींना पूरक ठरतील. त्यासाठी नवा कायदा करावा लागणार नाही. असलेल्या कायद्यांची सांगड घालावी लागेल.

पुढची मोठी अतिवृष्टी कोणत्या वर्षी येईल, हे कोणी सांगू शकत नाही. ती येईल, एवढे मात्र निश्चित आहे. त्या दिवशी मोठ्या भरतीची वेळही साधली गेली, तर शहराच्या दोन्ही बाजूंनी पाणी येईल. पंप आणि नाले आपले काम करतीलच. परंतु त्याआधी डोंगरावरचे ऐन-कळंब आणि खाडीकाठचे तिवर किती शिल्लक आहेत, यावर वसई-विरारच्या तळमजल्यांवरील हजारो घरांचे भवितव्य ठरणार आहे.